पाण्याच्या ग्रुपवर पायथागोरस

आईने सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे बाहेरून दहावीला बसायचं ठरवलं, आणि मला एकच अट घातली. चाळीत कोणाला कळता कामा नये. ती आमच्या विक्रोळीच्या बालवाडीत मदतनीस. मुलांची नाकं पुसून पुसून कंटाळली होती, तिला बाई व्हायचं होतं, आणि त्यासाठी दहावी हवी. पण "नापास झाले तर सगळ्या नळावर दात काढतील," हे तिचं पालुपद.

मग काय, अभ्यासाची सूत्रं मी हातात घेतली. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांची कामं लावून देते, आईचा अभ्यास लावायला कितीसा वेळ? फोनच्या कॅलेंडरवर वेळापत्रक मांडलं. गणित लाल, इतिहास पिवळा, मराठी हिरवं. आईने बघितलं आणि म्हणाली, "ही काय रांगोळी काढलीयस?" गणिताचा गजर वाजला की ती तो बंद करून डाळीला फोडणी द्यायची. मी चिडायचे, ती हसायची.

शेवटी मी झकास युक्ती काढली. "दहावी" नावाचा एक ग्रुप केला, त्यात आई एकटीच. पाठांतर बोलून तिथे टाकायचं आणि पोळ्या लाटताना ऐकायचं. हे मात्र तिला जाम आवडलं. ग्रुप कुठे सापडेल म्हणून विचारलं तर मी म्हटलं, "सगळ्यात वर असतो तो तुझा." तो पिन करून ठेवायची अक्कल मला तेव्हा सुचली नाही.

चाळीचा एक पाण्याचा ग्रुप आहे. नळाला पाणी आलं की ज्याला दिसेल त्याने कळवायचं, बाकी तिथे कोणी काही बोलत नाही. एके दुपारी कोणीतरी "आज पाणी उशिरा" असं टाकलं आणि तो ग्रुप सरकला सगळ्यात वर. संध्याकाळी आईने वरच्या ग्रुपवर बोट दाबलं आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग..." मागे कुकरची शिट्टी. शेवटी, "दहावीला बसलेय खरी, पण हे डोक्यात कधी शिरणार गं बाई, वाट लागली माझी!"

फोन वाजले तशी अख्खी चाळ हंडे-बादल्या घेऊन नळावर धावली. नळ कोरडा ठणठणीत. मग सगळ्यांनी तिथेच उभं राहून फोन कानाला लावले, आणि आईचा पायथागोरस चाळभर घुमला.

आईने धाडकन दार लावलं. "नाही द्यायची मला परीक्षा. आणि तुझी ती रांगोळी पुसून टाक आधी!" मी समजावलं, ओरडले, काही उपयोग झाला नाही. तिला खरी धास्ती समोरच्या मालवणी मावशींची होती. जीभ अशी तिखट की कोणाची चूक दिसली की महिनाभर पुरवून वापरायच्या. पाणी आलं तेव्हाही आई बाहेर गेली नाही, मीच भरून आणलं. मावशी नळावर होत्या, माझ्याकडे रोखून बघत आपली कळशी भरत होत्या. म्हटलं, मेलो आता.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मावशींचा आवाज आला. आई ऐकायलाच तयार नाही, म्हणून मी लावला. "काटकोन त्रिकोणात कर्णाचो वर्ग..." मध्येच अडल्या, खाकरल्या, पुन्हा पहिल्यापासून म्हटलं आणि पूर्ण केलं. मग आवाज उतरला. "तुझा आयकान आयकान पाठ केलंय. बरोबर हा काय, सांग. मी सातवीत शाळा सोडलंय, आजपर्यंत कोणाक सांगूक नाय. माका पण घे गो अभ्यासाक."

मी तो पुन्हा लावणार होते. आई मात्र ताडकन उठली. "अगं, मावशींनीपण चुकून ग्रुपवर टाकलं! सगळे ऐकतील ना!" स्वतःची लाज विसरून, पिठाच्या हातांनीच दार उघडून ती समोर धावली. "मावशी, पुसा ते लवकर, सगळ्यांना गेलंय!"

मावशी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"चुकान नाय गो, मुद्दाम टाकलंय. तू एकटीच कित्याक लाजतलंस?"