ब्रेक आणि चार लिंबं

"त्या किंचाळणाऱ्या गाडीत मी बसायची नाही," आईनं जाहीर केलं. "परवा विमानतळावर टॅक्सीनं जाईन."

तीन महिने ती इथे परदेशात, पुंगोलला माझ्याकडे होती आणि तीन महिने काही ना काही निमित्त. आधी म्हणे गाडीत मळमळतं, मग म्हणे तू फार घाईत चालवतेस, आणि आता ब्रेक. ब्रेक दाबला की गाडी ओरडायची हे खरं, पण गॅरेजवाला पुढच्या आठवड्यातली वेळ देत होता. माझी स्वतःची गाडी, आणि आई तिच्यात एकदाही बसलेली नाही! मला ते फार लागलं होतं. त्या रविवारी दसरा होता. म्हटलं, पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड मीच बदलते, संध्याकाळी पूजा करू, मग बघू कशी बसत नाही ते.

कार पार्कच्या पाचव्या मजल्यावर मी फोनवर व्हिडिओ लावून जमिनीवर बसले, आई शेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर. पहिलाच नट हलेना.

"हा पानाच भिकार आहे," मी म्हणाले.

"नाचता येईना अंगण वाकडं," स्टुलावरून आलंच.

चाक निघालं. जुने पॅड झिजून पापडासारखे पातळ झाले होते. नवे जाडजूड, ते आत मावायचे तर आधी पॅड दाबणारा पिस्टन मागे ढकलावा लागतो. शिकंजा लावून पिळत बसले, तर पिस्टन ढिम्म. बोटाचं साल निघालं, घाम डोळ्यांत गेला, नाकी नऊ आले. आईनं तेवढ्यात माझा फोन उचलला आणि पुण्याला दादाला व्हिडिओ कॉल लावला. दादाला! ज्यानं जन्मात सायकलचं पंक्चर काढलेलं नाही!

"दाखव त्याला, दाखव," म्हणत तिनं फोन चाकाच्या खळग्यात घातला.

"अगं, मेकॅनिकला बोलाव ना," दादानं ज्ञान दिलं.

"बघ, तोही तेच म्हणतोय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या रागातच शिकंज्याला असा हिसका दिला की पिस्टन सरकला. दुसरं चाक त्यामानानं लवकर झालं. पण मायलेकांच्या गप्पा संपेपर्यंत फोनची बॅटरी गेली आणि व्हिडिओचा शेवट बघायचा राहिला. आता काय उरलंय, चाकंच तर लावायची, असं म्हणत मी ती बसवली आणि हात पुसले.

आईनं घरून पूजेचं ताट आणलं. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली. आणि ओवाळायला गाडीच्या अगदी समोर उभी राहिली.

"आई, बाजूला हो. मी पुढे घेतेय."

"वारा आहे, निरांजन विझेल. घे तू हळूच. थांबते ना आता तुझी गाडी?"

मी तीनदा सांगितलं. मग वैतागून म्हणाले, "राहा मग उभी!" आणि गिअर टाकला.

लिंबं फुटली. मी ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाला गेला. काहीच लागलं नाही तिथे. गाडी पुढे चाललेली, समोर आई, हातात निरांजन. हँडब्रेक कधी ओढला मला आठवत नाही. बंपर तिच्या निऱ्यांपासून वीतभर अंतरावर थांबला.

"अगंबाई, लागला की ब्रेक!" आई म्हणाली. "आणि आवाजसुद्धा नाही."

ताट स्टुलावर ठेवून ती माझ्या शेजारी येऊन बसली. मी पेडल दाबत राहिले. दुसऱ्यांदा जरा लागलं, चौथ्यांदा घट्ट झालं. नवे पॅड घातले की गाडी हलवायच्या आधी एवढंच करायचं असतं, हे व्हिडिओच्या शेवटी होतं. ते मी रात्री बघितलं.

ठरल्या दिवशी ती माझ्याच गाडीतून विमानतळावर गेली. आता प्रत्येक फोनवर कुणा ना कुणाला सांगत असते, "हिनं स्वतः ब्रेक बसवले हो. खोटं नाही, मी समोर उभी होते ना!"

एवढ्या वर्षांत तिनं केलेलं माझं हे पहिलं कौतुक. दरवेळी वाटतं, आता खरं सांगून टाकावं. अजून जमलेलं नाही.