आबांचा हात आणि मामांचं मत

दौंडजवळच्या आमच्या गावात दूध सोसायटीचा चेअरमन संचालकांनी हात वर करून निवडायचा, अशी रीत होती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी माझे मामा उभे राहिले आणि एका मतानं पडले. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, दुखरा उजवा हात छातीच्या वर गेलाच नाही. मोजणाऱ्याला वाटलं, आबा मिशा कुरवाळताहेत. त्यानं ते मत धरलंच नाही.

मेव्हण्यानं दगा दिला, असं मामा पारावर सांगत सुटले. आमच्या दारात पाऊल ठेवणार नाही म्हणाले. आबा धड जेवेनात. मी बाळंतपणाला माहेरी आले होते. पण रुसून बसलेल्या या दोघांपुढं माझे डोहाळे कोण विचारतो? मला भयंकर राग आला.

शेवटी मीच आबांना दौंडला नेलं. डॉक्टरांनी खांद्याची सोनोग्राफी सांगितली. तिथल्या बाकावर सगळ्या पोटुशा बायका आणि मधोमध टोपीवाले आबा. नर्सनं मला फर्मावलं, "ताई, भरपूर पाणी प्या."

"पेशंट हे आहेत," मी म्हटलं.

तिनं सवयीनं तांब्या आबांपुढं केला. आबांनी तो निमूट रिकामा केला.

फरक कळावा म्हणून डॉक्टरांनी आधी माझा खांदा पाहिला. मी हात वर केला तशी पडद्यावर शीर सुळकन सरकली. आबांची जाडजूड शीर मात्र हाडाखाली अडूनच बसली.

"वयानं शीर ताठ होते, आबा."

"मंग तसं लिहून द्या. आन् शिक्का मोठा मारा."

आबा रिपोर्ट घेऊन थेट मामांच्या ओट्यावर गेले. मागोमाग मी. मामांनी तो काळा फोटो उलटासुलटा करून पाहिला.

"उजवा ताठलाय, कबूल. पन दाजी, डावा धड हाय ना? त्यो का न्हाई केला वर?"

मी चपापले. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आबा उसळले. "डाव्या हातानं मत देऊ व्हय तुम्हाला? पाव्हणं, बायकोचे थोरले भाऊ तुम्ही! चांगल्या कामात डावा हात पुढं करू?"

मामांनी आतून तेल मागवलं आणि स्वतः आबांचा खांदा चोळायला बसले. इतक्या जोरात, की आबा कळवळून ओरडले आणि हात चक्क कानापर्यंत गेला.

"आता वर करून काय उपेग, दाजी?" मामा म्हणाले, पण चोळायचे थांबले नाहीत.