वहिनीचे गोल निवडुंग

लाखांदूर, ऐंशीच्या दशकातला एक उन्हाळा... बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन मी घरी आलो होतो. म्हणजे जगातलं सगळं मला कळत होतं.

घरात भांडण पेटलं होतं ते निवडुंगांवरून. वहिनीला त्यांचा भारी नाद. डालड्याच्या डब्यांत चुलबंद नदीची रेती, विटांचा चुरा आणि त्यात एकेक गोल, धारीधारीचा, पिवळ्या काट्यांचा गड्डा. सगळ्यात मोठा नारळाएवढा... लग्नानंतर आंधळगावच्या माहेराहून मांडीवर घेऊन आणलेला.

आमचा मुलूख धानाचा. पाणी साचलं की लोक खूश. आणि ही बाई पावसाचा थेंब लागू नये म्हणून डबे ओसरीत ओढायची.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. पाळणा हलत नव्हता. "काटेवालं झाड आंगनात असलं का कूस उजवत नाही. फेकून काहून देत नाहीस वो?" आई रोज म्हणायची. दादा शाळेत विज्ञान शिकवायचा आणि घरी आईचं ऐकायचा.

एरवी शब्दाला शब्द न देणारी वहिनी डब्यांना मात्र हात लावू द्यायची नाही. मला तो बायकी हट्ट वाटला...

मी प्रयोग ठरवला. निवडुंग हटवायचे, वर्षभर थांबायचं. तरीही मूल झालं नाही की निवडुंग निर्दोष, आईची अंधश्रद्धा खल्लास! वहिनी माहेरी गेलेली बघून सायकलला पोतं बांधलं आणि दोन खेपांत सगळे निवडुंग तलावात टाकून आलो. हात चार दिवस ठुसठुसत होते. विज्ञानासाठी एवढं सोसावंच लागतं.

वहिनी परत आली. रडली नाही. भिंतीशी डब्यांच्या गंजाचे गोल डाग उरले होते, तेवढे बघत राहिली.

"भाऊजी, हे काय करून ठेवलं तुमी? ते होते तवरिक दोष त्यायच्यावर होता... आता कोनावर येईन?"

मी हसलो. खरंच हसलो. तिला प्रयोग समजावून सांगितला.

प्रयोग यशस्वी झाला. वर्षभरात निवडुंग निर्दोष ठरले. "म्हंजे झाडाचं काही नव्हतं," आई म्हणाली आणि पुढच्या वैशाखात दादाने दुसरी बायको आणली. वहिनी ट्रंक घेऊन आंधळगावला गेली, ती कायमची.

दुसरीलाही मूल झालं नाही. अंगणात तेव्हा तुळशीशिवाय काही नव्हतं... दादाला मात्र कोणी पोत्यात घालून तलावावर नेलं नाही.

आंधळगावाकडे जायला एस.टी. रोज होती. चाळीस वर्षांत मी एकदाही चढलो नाही. आता वहिनी राहिली नाही, तेव्हा माफी मागतोय ती इथे, फेसबुकवर... उलट प्रश्न विचारायला ती येणार नाही, हे नीट बघून. हुशारी माझी तेव्हाचीच आहे.