गंबोतलं वाटण

माझ्या नवऱ्याने रोह्यात गंबोचं हॉटेल काढलं होतं, हे मला आजही कुणाला एका दमात सांगता येत नाही. आधी गंबो म्हणजे काय ते सांगावं लागतं, मग समोरचा हसतो, आणि मग मला राग येतो. हसण्यासारखं होतं हे मलाही कळतं. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

हे नऊ वर्षं मालवाहू बोटीवर आचारी होते. अमेरिकेच्या दक्षिणेला एक मोठी नदी समुद्राला मिळते, त्या बाजूच्या बंदरांत बोट पुन्हापुन्हा लागायची. बोटीवरचा मुख्य आचारी तिकडचाच. त्याने ह्यांना आपल्या आईचं रांधणं शिकवलं. वर्षातले दोन महिने हे पेणला घरी असायचे, उरलेले दहा महिने मी फोनशी संसार करायचे. दहाव्या वर्षी हे म्हणाले, आता बास झालं, इथंच हॉटेल टाकू, चाललं तर बोटीचं नाव काढणार नाही. मला त्यातले 'चाललं तर' एवढेच दोन शब्द ऐकू आले. ते हॉटेल चालावं, एवढंच मग माझं मागणं होतं. गंबो चालो, भजी चालो, नाहीतर नुसतं पाणी विकलं जावो.

ह्यांचा हिशोब मनाशी पक्का होता. तिकडची माणसंही खाडीकाठची. खारफुटी तीच, चिखल तोच, खेकडे, कोलंबी, भेंडी, भात सगळं तेच. ह्यांचं स्वतःचं गावही पेणच्या खाडीला लागून, त्यामुळे तिथल्या पाणथळीत पहिल्यांदा उतरल्यावर ह्यांना म्हणे रडू आलं होतं. "आपलंच खाणं हाय ते," हे मला समजवायचे, "नुसतं पाण्याच्या पल्याड गेलेलं." तिकडे सोमवारी राजमा-भात करायची रीत आहे, कारण सोमवार हा धुण्याचा वार, पातेलं चुलीवर ठेवलं की बाई कपड्यांना मोकळी. आपल्याकडेही सोमवारी मांसमच्छी वर्ज्य. म्हणून हे सोमवारचा राजमा मांस न घालता करणार होते. हे सांगताना ह्यांचा चेहरा असा फुलायचा की मला वाटायचं, चालेल. का नाही चालणार?

दसऱ्याला हॉटेल उघडलं. धाटावच्या कंपन्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सहा टेबलं, रंग पिवळा, बाहेर फळा. त्यावर ह्यांच्या सुबक अक्षरात गंबो, जंबालाया म्हणजे तिकडचा मसालेभात, आणि राजमा-भात. मी तेव्हा हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात आखणीला होते, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायला. रविवारी सुट्टी. सकाळची गाडी पकडून मी रोह्याला जायचे, आणि हे मला खिडकीजवळच्या टेबलावर गिऱ्हाईक म्हणून बसवायचे. उठून आत यायचं नाही, भांड्यांना हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद. खांद्यावरचा फडका व्यवस्थित करून हे माझ्यासमोर उभे राहायचे आणि विचारायचे, बाईसाहेब काय घेणार? लग्नाच्या इतक्या वर्षांत मला कुणी असं विचारलं नव्हतं. मी लाजून गंबो म्हणायचे. दुसरं काय म्हणणार?

खरं सांगते, पहिल्यांदा मला तो आवडला नाही. मैदा तेलात पाऊण तास ढवळत चॉकलेटच्या रंगाचा होईपर्यंत भाजायचा, हा त्याचा पाया. आमच्या डोळ्यांना तो करपलेलाच दिसतो. त्यात कांदा, ढोबळी मिरची आणि वाशीहून मागवलेली सेलरी, मग खेकड्याचं पाणी, भेंडी, शेवटी कोलंबी. भेंडीचा चिकटपणा घालवायला आमच्या बायका जिवाचं रान करतात, आणि ह्यांना तोच हवा होता. रस्सा दाट व्हायला पाहिजे ना, म्हणायचे. मी भाताचे गोळे करकरून संपवायचे आणि हसायचे.

लोकांवर हसून खायची काही सक्ती नव्हती. धाटावच्या शिफ्टची माणसं मोटारसायकली उभ्या करून यायची, फळा वाचायची, थाळी नाही का विचारायची. दोनचार जणांनी भीतभीत गंबो घेतला. एकाने वाटी पुढे सरकवून करपलंय म्हटलं, दुसऱ्याने बुळबुळीत. हे प्रत्येकाला शांतपणे समजावून सांगायचे की तो रंग मुद्दाम आणलाय. भुकेल्या माणसाला समजावण्यात काय अर्थ? त्याची तीन वाजताची शिफ्ट असते. तो उठायचा आणि पुढच्या वडापावच्या गाडीवर जायचा. मार्गशीर्ष लागला, लोकांनी महिनाभर मांसमच्छी सोडली आणि येत होते तेही बंद झाले. नारळावर विश्वास ठेवणाऱ्या मुलखात ह्यांनी मैद्यावर भरवसा ठेवला होता, असं मी तेव्हा चिडून मनात म्हणत असे.

त्याच महिन्यातला एक रविवार मला विसरता येत नाही. हॉटेलात मी एकटीच. हे नेहमीसारखे विचारून गेले, वाटी आणून ठेवली. पहिला घास घेतला आणि मी थांबले. कडवट, खमंग, आणि मागून खेकड्याची गोडी हळूहळू वर येत होती. इतके रविवार मी त्यात कालवण शोधत होते, म्हणून ते मला वाईट लागत होतं. त्या दिवशी मी काहीच शोधलं नाही आणि गंबो मला कळला. मी दुसरी वाटी मागितली. ह्यांनी ती वाढली, समोर बसले आणि मी जेवत असताना फक्त बघत राहिले. इतकी सुंदर गोष्ट मला एकटीलाच कळावी, याचं मला त्या क्षणी फार वाईट वाटलं.

आणि तरीही पुढचं मीच केलं.

मार्गशीर्ष संपला तशी कारखान्यातून दोन महिन्यांची रजा घेऊन मी रोह्याला राहायला गेले. हे पहाटे मैदा भाजून, खेकड्याचं पाणी मंद आचेवर ठेवून रेवदंड्याच्या बाजूला कोलंबी आणायला जायचे, ते अकराला परतायचे. एका सकाळी मी ओलं खोबरं, लसूण, कोथिंबीर वाटली, घरचा मसाला परतला आणि सगळं त्या पातेल्यात ओतलं. वर चार आमसुलं टाकली. एक थेंब बाहेर सांडला नाही. वर्षानुवर्षं डोळ्यांची आखणी केलेला हात तो. माझ्या डोक्यात एकच होतं, हे हॉटेल बंद पडलं की हे बोटीवर जाणार.

हे आले, झाकण उचललं, क्षणभर तसेच उभे राहिले. मग कोलंबी आत सोडली आणि झाकण ठेवलं. पहाटेच्या थंडीत गाडी चालवून नाक चोंदलं असेल, असं मी स्वतःला पटवलं. माणसाला स्वतःला फसवायला कारण फार मोठं लागत नाही.

त्या दुपारी आलेल्या तिघांनी वाट्या पुसून खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी सात जण आले. पौष संपेपर्यंत दुपारी टेबल मिळेना. मी रोज वाटण घालत होते, हे रोज झाकण उचलून बघत होते, आणि आम्ही दोघं त्याबद्दल एक अक्षर काढत नव्हतो. मी नवसाच्या नारळाचंही ठरवून टाकलं होतं.

मग धाटावच्या एका कंपनीतला एक जुना ऑपरेटर, रोजचा गिऱ्हाईक, जेवून हात धुवून ह्यांच्यासमोर उभा राहिला. मनापासून बोलत होता, त्याच्यात लबाडी नव्हती.

"शेठ, पैलं करपल्यासारं लागायचं. आता कसं आपल्या घरच्यासारं लागतं. ता फळ्यावरचा गंबो पुसा, कालवण लिवा."

हे हसले. त्याला बडीशेप दिली. तो गेल्यावर बाहेर जाऊन ओल्या फडक्याने फळा पुसला आणि त्याच सुबक अक्षरात लिहिलं, कालवण-भात.

दुपारची गर्दी ओसरल्यावर मी कबूल केलं. रडतच केलं. वाटलं होतं हे चिडतील. चिडायला हवं होतं.

"पैल्याच दिवशी कळलं गो," हे म्हणाले. "झाकण काढलं तवाच."

"मग बोलला का नाय?"

"काय बोलू? नऊ वर्सं बोटीवर तोच वास आठवून जेवलो. त्या दिवशी वास आला आन् मलाच बरं वाटलं. मलाच जर तुझं आवडतं, तर लोकांना कशाला दोष देऊ?" मग म्हणाले, "माझ्या हातचं हितं कुणाला नको. बोटीवर निदान कुणीतरी मागून खातं."

मला गंबो आवडला होता, त्या रविवारी मी दुसरी वाटी मागितली होती, हे मी परोपरीने सांगितलं. ह्यांना ते खरं वाटलं नाही. जिने रोज त्यात खोबरं कालवलं, तिच्या तोंडून ते खरं तरी कसं वाटावं? होळीच्या आधी हे मुंबईला एजंटकडे जाऊन आले. होळीनंतर बोट.

हॉटेल मी चालवते. कारखान्यातलं काम सोडलं. सुकी मच्छी, कालवण, भाकरी, सोमवारी वालाचं बिरडं. ह्यांचा फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न गर्दीचा असतो. गर्दी नाही असं मी खोटं सांगून पाहिलं, पण रोह्यातला ह्यांचा मित्र भरलेल्या टेबलांचे फोटो पाठवतो. "मग बरं हाय," हे म्हणतात, "तुझी काय काळजी नाय." गेल्या खेपेला त्यांनी करार पुढे वाढवला. घरी येणंही लांबलं. जितकं हॉटेल चालतं, तितकं ह्यांना परत यायला कारण उरत नाही, हे आता मला पुरतं कळलंय.

परवा मी मुद्दाम कालवणात मीठच घातलं नाही. बघू तरी एकदा, लोक पाठ फिरवतात का. टेबलं भरलेली होती. कुणी तक्रार केली नाही. मीठ मागून घेतलं, वरून घातलं, आणि जेवून शिफ्टला गेले.