बाटलेला मका

उल्हासनगरच्या एका महाविद्यालयात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, बुद्धभूषण यांनी परिचर म्हणून सव्वीस वर्षे काढली. सूक्ष्मदर्शक पुसायचे, काचपट्ट्या मांडायच्या आणि मग तासभर भिंतीशी उभे राहायचे. सारी व्याख्याने त्यांनी उभ्यानेच ऐकली. दर भाद्रपदात ते बेलवलीच्या घरून स्कूटर काढून बारवी धरणाच्या अंगाला एका वाडीवर जात आणि तिथल्या चांगुणाबाईंच्या परसातली मक्याची चार-सहा कणसे आणत. पांढऱ्या दाण्यांवर जांभळे ठिपके असलेली. प्रयोगशाळेतला एक अख्खा धडा त्या ठिपक्यांवर उभा होता.

वाडीवर अशा कणसाला बाटलेले म्हणत आणि बियाण्याला ठेवत नसत. हा शब्द बुद्धभूषणांच्या घरात जुना होता. वडिलांचा हात लागला म्हणून एका गावात पाण्याचा हंडा बाटला होता आणि त्यांच्यादेखत ओतून दिला गेला होता. घराने गाव सोडले, धम्म स्वीकारला. शब्द मात्र सुटला नाही. चांगुणाबाईंच्या बोलण्यात वाईट हेतू नसे. बुद्धभूषण ऐकून गप्प राहत. कोणत्या शब्दाशी भांडायचे, हे थकलेल्या माणसाला निवडावे लागते.

यंदा महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते. विभागप्रमुख प्राची मॅडमनी सांगून ठेवले होते की बी आणून दिलेत तर प्रयोगशाळेमागच्या वाफ्यात मका लावू. नाहीतर ती जागा गाड्या उभ्या करायला जाईल. म्हणजे धडा राहणार की जाणार, हे या एका खेपेवर होते.

चांगुणाबाईंनी पिशवी हौसेने भरून ठेवली होती. बुद्धभूषणांनी ओट्यावर बसून कणसे सोलली. एकावरही ठिपका नव्हता.

“तुमचा शेवटचा वरीस ना भाऊ,” त्या म्हणाल्या, “म्हनून बाटलेला एकबी नाय घातला. सगला निवडून साफ दिला. बाटलेला कोंबड्यांनी खाल्ला. आता त्याच जातील तुमच्या कालेजात.”

ते हसले नाहीत. रागही आला नाही. सव्वीस वर्षे ही बाई त्यांना टाकाऊ देत होती आणि मनात ओशाळत होती, एवढेच त्यांना कळले.

कणसे पुन्हा पिशवीत भरत त्यांनी विचारले, “वहिनी, पेरायला तुम्ही दर साली साफच ठेवता ना?”

“मंग? सासूपासून तसाच चाललाय.”

“मग ठिपके येतात कुठून?”

बुद्धभूषणांनी भिंतीशी उभे राहून ऐकलेले सारे सावकाश सांगितले. दाण्याच्या वारशात काही तुकडे जागा बदलतात. तुकडा रंगाच्या जागी बसला की दाणा पांढरा. वाढत्या दाण्यात तो कुठे कुठे उठून गेला की तेवढाच ठिपका. त्याला उठवणारा तुकडा वेगळा असतो आणि तो शेजारच्या रोपाच्या परागातूनही येतो. तोवर साफ दाण्यात पहिला निजून असतो. मक्याचा बहुतेक वारसा अशाच तुकड्यांनी भरलेला आहे. शिवाय फार पूर्वी हा वारसा सगळाच्या सगळा दुप्पट झाला होता. घरात दुसरी चूल असली की एक बिघडली तरी भागते, तशी त्याने पुष्कळ उलथापालथ सोसली. मका झाला तो असा.

“म्हंजे साफ पन बाटलेलाच?”

“मका बाटत नाही, वहिनी.” एवढे म्हणायला त्यांना सव्वीस वर्षे लागली होती. “काहीच बाटत नाही.”

चांगुणाबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. मग पदराने हात पुसत विचारले, “मंग त्याला काय बोलायचा?”

पुस्तकातला शब्द त्यांना येत होता. पण तो या ओट्यावर बोलण्याजोगा नव्हता आणि दुसरा त्यांच्यापाशी नव्हता. पिशवी बांधून ते निघाले.

प्राची मॅडमनी बी ठेवून घेतले. साफ दाण्यांतून ठिपके निघतात का पाहायला एक हंगाम वाफा राहील म्हणाल्या. कणसे भरतील तेव्हा बुद्धभूषण तिथे नसणार होते. नमुन्याच्या पाकिटावरच्या चिठ्ठीवर दर वर्षी ते ‘ठिपक्यांचा मका’ असे लिहीत. यंदा त्यांनी ‘चांगुणा, बारवी’ एवढेच लिहिले आणि वर्णनाची ओळ कोरी सोडली.