गोड खाल्लं तर दिसत नाही

बाबांचा ताप काही केल्या उतरत नव्हता. सांगलीत त्यांनी तो अंगावर काढला, शेवटी मीच त्यांना इकडे दूर दक्षिणेत, वेलचेरीला माझ्या फ्लॅटवर घेऊन आले. पूर्वी हृदयात बसवलेल्या कृत्रिम झडपेवर जंतूंनी ठाण मांडलंय की काय, अशी इथल्या डॉक्टरांना शंका होती. खरं निघालं तर पुन्हा छाती उघडायची, आणि तीही या वयात.

ही शंका तपासायला एक स्कॅन ठरला. त्यात किरणोत्सर्गी साखर टोचतात. जंतूंशी झुंजणाऱ्या पेशी ती ओढून घेतात आणि स्कॅनमध्ये तेवढी जागा उजळते. पण हृदयाच्या स्नायूलाही साखर आवडते, म्हणून आदल्या दिवशी त्याला ती मिळू द्यायची नाही. भात, पोळी, फळं बंद. पनीर, अंडी, तूप चालेल. रात्रीच्या जेवणानंतर नुसतं पाणी. बाबांनी हे डॉक्टरांकडून पुन्हा पुन्हा समजावून घेतलं, मला कौतुकच वाटलं. तरी मी साखरेचा डबा कपाटात कुलूपबंद केला. काळजी वाटली की मी हवालदार होते.

स्कॅनमध्ये अख्खं हृदय उजळलं. झडपेचं काहीच सांगता येईना.

“काही खाल्लं होतं का?” डॉक्टरांनी विचारलं.

बाबांच्या आधी मीच ठणकावून “नाही” म्हणाले.

परतताना ऑटोत बाबा म्हणाले, “काल संध्याकाळी खाली फिरायला गेलो ना, तेव्हा टपरीवर दोन केळी खाल्ली.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “एवढं समजावून सांगितलं तरी?”

“म्हणूनच खाल्ली. गोड खाल्लं तर दिसत नाही, म्हणाले होते. दिसलं नाही तर कापणार कसे?”

“न दिसल्यानं जंतू जातात का, बाबा?”

“मला पुन्हा त्या टेबलावर झोपायचं नाही. फार भीती वाटते गं.”

असं काही त्यांच्या तोंडून मी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. रागवायचं राहूनच गेलं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच तयारी. या वेळी मी पहारा दिला नाही. म्हटलं, त्यांचं त्यांना ठरवू दे.

सुई टोचण्याआधी नर्सनं तोच प्रश्न विचारला. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, “नो राइस, नो शुगर. नथिंग.” आणि त्यांनी बाही वर केली.

इतका आटापिटा करणाऱ्या मला त्या क्षणी वाटलं, बाबा खोटं बोलत असले, आजही काही दिसलं नाही, तर किती बरं होईल.