गोलातलं छापायचं नसतं

शेवगावच्या स्टँडवर पेपरचा गठ्ठा सुटला आणि मी माझीच बातमी उभ्या उभ्या वाचायला घेतली. पहिलं पान, चार कॉलम. तालुक्याच्या वार्ताहराला असा मान क्वचितच मिळतो. मथळा वाचून छाती फुगली. तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी एक कंस होता. तो मी दोनदा वाचला.

कंसात छापलं होतं: (माहिती गावच्या अंगणवाडी सेविका सुमन साळवे यांची. खात्रीशीर. नाव देऊ नये.)

वाक्य माझंच होतं. पण ते छापण्यासाठी नव्हतं.

बातमी अशी होती. अंगणवाडीतल्या पोरांसाठी सरकारकडून सुकडी यायची, म्हणजे भाजलेल्या पिठाचा गोड खाऊ. आमच्या तालुक्यातल्या एका गावात तिची पोती अंगणवाडीत उतरतच नव्हती. ती गावपुढाऱ्याच्या गोठ्यात जात होती. पोरं उपाशी आणि म्हशी धष्टपुष्ट. सुमनताईंनी मला हे आठवडे बाजारात, बांगड्यांच्या पालाआड उभं राहून सांगितलं.

‘भाऊ, लेकरं येत्यात, वाटी घिऊन बसत्यात आन् तशीच घरी जात्यात. मी त्यांना रोज काय सांगू?’

‘ताई, मी छापतो.’

‘छापा. पन माझं नाव नका टाकू. मालक गेल्यापासून घरात दुसरं कुनी कमावतं न्हाई. त्या मान्सानं मनावर घेतलं तर मला घरी बसवायला त्याला लई येळ लागनार न्हाई.’

‘नाव येणार नाही. माझा शब्द.’

मग मी एका ओळखीच्या माणसाबरोबर म्हैस बघायच्या निमित्ताने त्या गोठ्यात गेलो. सरकारी शिक्क्याची पोती डोळ्यांनी बघितली आणि मगच लिहायला बसलो.

शब्द पाळायची आमच्या धंद्यात एक साधी सोय होती. तिला आम्ही गोल म्हणायचो. बातमी कागदावर लिहायची. डेस्कला, म्हणजे बातम्या तपासणाऱ्या मंडळींना, काही खाजगी सांगायचं असेल तर ते मजकुरातच लिहायचं आणि त्याभोवती पेनाने गोल काढायचा. गोलातलं छापायचं नसतं, हे संपादकापासून टाइप करणाऱ्यापर्यंत सगळ्यांना पाठ. माहिती कोणाची, हे डेस्कला कळवावंच लागे. त्याशिवाय असली बातमी लागत नसे. मग पाकीट नगरच्या एसटीत कंडक्टरच्या हवाली करायचं. पाकीट कधी उशिरा पोचे, कधी भिजून पोचे. पण माझा गोल कधी फुटला नाही.

नव्वदचं दशक सरत आलं आणि कॉम्प्युटर आले. आम्हा वार्ताहरांना ट्रेनिंगसाठी नगरच्या ऑफिसात बोलावलं. आमचे जिल्हाप्रमुख बोरुडे साहेब त्या दिवशी नव्या जावयासारखे खुशीत होते.

‘आता पाकीट बंद,’ ते म्हणाले. ‘पुण्याच्या सर्व्हरवर एका बातमीची एकच फाईल. तुम्ही तालुक्यातून मोडेमने ती उघडायची आणि त्यातच लिहायचं. नगर त्यातच दुरुस्त्या करणार, पुणे त्यातच मथळा देणार. सगळ्यांनी मिळून लिहायचं!’

सर्व्हर म्हणजे सगळ्यांच्या फाईली ठेवणारा मोठा कॉम्प्युटर. मोडेम म्हणजे फोनच्या तारेवरून तिथवर पोचवणारी डबी. ती सुरू झाली की मान मुरगाळलेल्या कोंबडीसारखी ओरडायची.

मी विचारलं, ‘साहेब, यात गोल कुठं काढायचा?’

सगळे हसले. साहेबही हसले. ‘काकडे, कंसात लिहा. आम्ही काढून टाकू.’

‘आम्ही म्हणजे कोण?’

‘अहो, फाईल सगळेच बघणार आहेत. कोणीतरी काढेलच की!’

मीही हसून खाली बसलो. त्या हसण्याचं मला अजून वाईट वाटतं.

सुमनताईंची बातमी मी तशीच कंस घालून पाठवली होती. ती छापलेली वाचून झाल्यावर स्टँडवरच्या एसटीडी बूथमधून साहेबांना फोन लावला. ‘साहेब, कंस छापलाय.’

तिकडे पेपर उलगडल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, ‘विचारतो.’

काय झालं ते मागाहून कळलं. नगरच्या उपसंपादकाने कंस वाचला होता. माहिती कोणाची हे पुण्यालाही कळावं, म्हणून त्याने तो राहू दिला. पुण्याने वाचला. नगरने ठेवलाय म्हणजे छापायचाच असणार, असं त्यांना वाटलं. पान लावणाऱ्यालाही तो खटकला होता. पण दोन ठिकाणी तपासलेल्या मजकुराला त्याने हात लावायचा नाही, असा नियम होता. सगळी भली माणसं. एकालाही शिवी द्यावी असं वाटेना, आणि त्यानेच जास्त संताप आला.

‘उद्या खुलासा छापू,’ फोन ठेवण्याआधी साहेब म्हणाले.

‘काय छापणार, साहेब? सुमन साळवे यांचं नाव छापायचं नव्हतं, असं?’

खुलासा छापला नाही.

मी एम-एटी मोपेड काढली आणि थेट गावात गेलो. दुसऱ्याने सांगण्याआधी मी सांगायला हवं होतं. सुमनताई अंगणवाडी झाडत होत्या. मी पेपर पुढे केला. त्यांनी सगळी बातमी सावकाश वाचली, कंसापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या.

‘भाऊ, हितं तर लिवलंय, नाव देऊ नये.’

‘हो, ताई.’

‘मंग दिलं कसं?’

मी फाईल, मोडेम, सर्व्हर समजावू लागलो. बोलता बोलता माझंच बोलणं माझ्या कानाला ओशाळवाणं वाटलं. त्यांनी पेपरची घडी करून माझ्या हातात परत दिली.

‘लेकरं यायची येळ झाली,’ त्या म्हणाल्या.

चौकशी लागली. सुकडी अंगणवाडीत येऊ लागली. पुण्याच्या बैठकीत माझं कौतुक झालं आणि सगळ्यांनी मिळून लिहिलेली बातमी कशी असावी याचं उदाहरण म्हणून तीच बातमी दाखवली गेली. तोवर कामात हलगर्जीपणा केला असा ठपका ठेवून सुमनताईंना कमी केलं होतं. पंचायत समितीत मी हेलपाटे घातले. साहेबांनीही शब्द टाकला. उपयोग झाला नाही.

आता काय, पोरं एकाच वेळी एकाच पानावर लिहितात. बाजूला टिपा लिहायला वेगळी जागा असते आणि ती छापली जात नाही म्हणतात. असेल. मी आजही असलं काही लिहून ठेवत नाही, फोन करून सांगतो. चार सुना असलेल्या घरात चुलीवरचं दूध उतू जातं. लिहायला कितीही जण असोत, खोडणारा एकच असावा आणि त्याचं नाव आधीच ठरलेलं असावं. इतकं शिकायला मला दुसऱ्याची भाकरी घालवावी लागली.

पुढे एकदा सुमनताई मार्केट यार्डात भेटल्या. कांदा निवडायला रोजाने येत होत्या. मी जवळ गेलो.

त्यांनीच विचारलं, ‘सुकडी मिळती का हो लेकरांना?’

‘मिळते, ताई. मी बघून येतो अधूनमधून.’

‘मंग झालं.’ त्यांनी पाटी उचलली. पलीकडे चार बाया आमच्याकडे बघत होत्या. सुमनताईंनी आवाज खाली आणला.

‘भाऊ, तुमी जावा आता. तुमच्याशी बोलताना कुनी बघितलं तर हे काम बी जाईल.’